इथं मला अडलं

कुणी काही करून दाखवलं की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘छान’. सुनेची भाजी छान, शेजारणीची रांगोळी छान, बस्तीतलं प्रवचन छान. यात काही वाईट आहे असं मला सत्तरी गाठेपर्यंत वाटलं नव्हतं. कुणाचं मन कशाला दुखवा? आपल्या धर्मात अहिंसा पहिली, सत्य तिच्या मागून, असंच मी समजत आले. गेल्या दिवाळीला एका सोळा वर्षांच्या मुलानं फोनवर मला एक प्रश्न विचारला आणि त्या ‘छान’चा हिशेब मला मांडावा लागला.

हा मुलगा माझ्या धाकट्या बहिणीचा नातू. आईवडील अमेरिकेत, त्याचा जन्मही तिकडचा. मला तो मावशीआज्जी म्हणतो. जून-जुलैच्या सुट्टीत तो आमच्याकडे संकेश्वरला येऊन राहिला. बाहेर पाऊस, हिरण्यकेशी दुथडी भरलेली, आणि हा पोरगा सोप्यात बसून एका काळ्या कॅल्क्युलेटरवर काहीतरी टाइप करायचा. आपल्या दुकानात हिशेबाला असतो तो कॅल्क्युलेटर वेगळा. हा टीआय-८४ प्लस, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा. त्याच्यावर आलेख काढता येतात. आपल्याकडच्या मुलांना तो बघायलाही मिळत नाही, पण अमेरिकेत हायस्कूलच्या गणिताला मुलांच्या दप्तरात तो असतोच. याचा थोरला भाऊ टीआय-८३ प्लस १९९९ साली बाजारात आला, हा २००४ साली. पडदा केवढा, तर आडवे ९६ ठिपके आणि उभे ६४. एवढ्याशा पडद्यावर मुलं स्वतः खेळ तयार करून खेळतात.

हे खेळ करायच्या दोन वाटा आहेत, असं त्यानं मला सांगितलं. एक सोपी, बेसिक नावाच्या भाषेची. तिच्यात चूक झाली की यंत्र थांबतं, पडद्यावर चुकीचं नाव दाखवतं आणि खाली दोन पर्याय देतं. ‘क्विट’ म्हणजे सोडून द्या, आणि ‘गोटू’ म्हणजे चूक जिथं झाली त्या जागी चला. दुसरी वाट असेंब्लीची. तिच्यात आपण थेट आतल्या चिपशी बोलतो. यंत्र फार वेगानं चालतं, पण आपली चूक दाखवायला मध्ये कुणीच नसतं. चिपला बरंवाईट कळत नाही. समोर जो आकडा येईल तो हुकूम समजून ती पाळत जाते.

ही असेंब्ली शिकायला मुलांना शाळेत कुणी शिक्षक नसतो. जी मुलं शिकली तीच पुढच्यांसाठी धडे लिहितात. ‘२८ दिवसांत असेंब्ली शिका’ अशा नावाचा एक जुना धडा या मुलांमध्ये प्रसिद्ध आहे. आमच्या पोरालाही वाटलं, आपण त्याहून सोपा, अगदी कोऱ्या माणसासाठी धडा लिहावा. बावीस पानं झाली. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यानं दोन प्रती काढून आणल्या. एक दिली माझ्या पुतणीला. ती इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. दुसरी माझ्यासमोर ठेवली.

“मावशीआज्जी, ताईला सगळं येतं. तुला काहीच येत नाही. म्हणून तू वाच आणि सांग.”

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. ‘तुला काहीच येत नाही’ हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी इतक्या प्रेमानं म्हणालं असेल. मी चष्मा लावून बसले.

पहिली दोन पानं बरी गेली. चिपच्या आत छोटे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात, एका खणात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. पुढं सोळाची मोजणी आली. नऊच्या पुढं दहा यायच्या जागी ए, मग बी, सी असं एफपर्यंत. इथं मी अडखळले. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘आता प्रोग्रॅम चालवा. कॅल्क्युलेटर अडकला तर एक बॅटरी काढा आणि परत बसवा.’ इथं तर मी थांबलेच. माझ्या मनात सरळ घरगुती प्रश्न आला. बॅटरी काढली तर आत आधी ठेवलेलं असेल त्याचं काय होतं? फ्रीज बंद पडला की बाईच्या मनात पहिला विचार दुधाचा येतो, तसाच हा.

पण मी विचारलं नाही. वाटलं, हा प्रश्न अगदीच येडपट असेल. गणिताच्या बाईंना एवढंही कळत नाही असं पोराला वाटायला नको. उरलेली पानं नुसती उलटली, संध्याकाळी प्रत त्याला परत दिली आणि म्हणाले, “छान आहे हं. किती कष्ट घेतलेस!”

पुतणीनं मात्र चार दिवस घेतले. तिची प्रत आली ती लाल शाईनं भरून. तिनं लिहिलेलं सगळं खरं होतं. एका जागी त्यानं ० ते २५६ लिहिलं होतं, ते २५५ हवं. एका हुकुमाचा अर्थ अर्धवट होता. दोन ठिकाणी शब्द चुकीचा. पोराचा चेहरा उतरला. तरी पुतणीनं त्याला एक गोष्ट दाखवली ती मला फार आवडली. तिचं शिक्षण झालं ते इंटेलच्या ८०८५ चिपवर. आपल्याकडच्या कॉलेजांत तीच शिकवतात, आणि त्यासाठी रमेश गावकर यांचं १९८४ सालचं जाडजूड पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. गावकर अमेरिकेत सिरॅक्यूसच्या ऑनंडागा कम्युनिटी कॉलेजात शिकवायचे, आणि मुलाच्या कॅल्क्युलेटरात आहे त्या झेड-८० चिपवरही त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. झेड-८० ही १९७६ सालची, झायलॉग कंपनीची. ती काढणारे फेदेरिको फाजिन आधी इंटेलमध्येच होते. त्यामुळं दोन्ही चिपांचे पुष्कळसे आकडे एकच आहेत. खणात एक संख्या ठेव, या हुकुमाचा आकडा दोन्हींत ३ई. इंटेलच्या पुस्तकात त्याला ‘एमव्हीआय’ म्हणतात, झायलॉगच्या पुस्तकात ‘एलडी’. पुतणी म्हणाली, “बघ, तू म्हणतोस ते आणि मी म्हणते ते एकच आहे.” मला वाटलं, नयवाद समजावायला याहून बरं उदाहरण कुठं मिळणार! वस्तू एक, नावं दोन, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर.

सुट्टी संपली. पोरगा परत गेला. लाल शाईच्या सगळ्या दुरुस्त्या त्यानं केल्या. माझ्याकडून दुरुस्ती अशी काही नव्हतीच.

दिवाळीच्या पहाटे बस्तीत निर्वाणलाडू चढवून आम्ही घरी आलो आणि त्याचा फोन आला. आवाज बसलेला. त्याच्या वर्गातल्या एका मुलीनं तो धडा घेतला होता. तिनं स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि शेवटचा ‘रेट’ हा हुकूम घालायचा विसरली. रेट म्हणजे रिटर्न, काम संपलं, आता परत जा. तो नसला की चिप थांबत नाही, पुढच्या जागेत जे काही पडलं असेल तेही हुकूम समजून पाळत सुटते. कॅल्क्युलेटर अडकला. तिनं धड्यात सांगितल्याप्रमाणं बॅटरी काढली, परत बसवली. पडद्यावर अक्षरं आली, ‘रॅम क्लिअर्ड’. म्हणजे आतली कच्ची स्मृती पुसली गेली. तिनं विज्ञानाच्या प्रकल्पासाठी दोन महिने रोजचं तापमान नोंदवून त्यातच ठेवलं होतं. सगळं गेलं.

हे टाळता आलं असतं. त्या यंत्रात दुसरा टिकाऊ भाग असतो, त्यात आधी हलवून ठेवलेलं अशा वेळी पुसलं जात नाही. नाहीतर तारेनं संगणकावर उतरवून घेता येतं. धड्याच्या सुरुवातीला एक ओळ पुरली असती, ‘आधी आपलं सामान जपून ठेवा.’

मग त्यानं तो प्रश्न विचारला. “मावशीआज्जी, तिसरं पान वाचताना तुला काही वाटलं होतं का गं?”

आरोप नव्हता त्याच्या आवाजात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. क्षणभर वाटलं, ‘नाही रे’ म्हणून टाकावं. पण नुकतंच भगवंतांच्या निर्वाणाचं स्मरण करून आले होते. म्हटलं, “वाटलं होतं. बॅटरी काढल्यावर आतल्याचं काय होतं, हे मला विचारायचं होतं. लाज वाटली म्हणून विचारलं नाही.”

पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही.

त्या दिवसापासून मी विचार करते आहे. पुतणीनं सत्य सांगितलं, मी गोड बोलले, आणि त्या मुलीला उपयोगी पडली असती ती ओळ दोघींकडूनही आली नाही. असं का झालं?

पुतणीचं आधी बघू. तिला ती ओळ सुचलीच नाही, कारण आधी सामान जपून ठेवायचं हे तिच्या हाताला इतकं सवयीचं आहे की ते सांगावं लागतं हेच ती विसरली. आपण सुनेला चटणी सांगताना नाही का म्हणत, ‘मीठ अंदाजानं घाल’? तो अंदाज यायला आपल्याला दहा वर्षं लागली हे आपण पार विसरलेलो असतो. संकेश्वरी मिरची किती वाळलेली हवी, देठ कधी काढायचे, हे आमच्या सासूबाईंनी कधी सांगितलं नाही. त्यांनी लपवलं असं नाही. सांगण्यासारखं आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. कर्मांच्या आठ प्रकारांत ज्ञानावरण पहिलं. हा पडदा अज्ञान्याच्या डोळ्यांवर असतो असं आपण धरून चालतो. मला आता वाटतं, जाणत्याच्या डोळ्यांवरही एक पडदा असतो. आपल्याला हे येत नव्हतं तो दिवस त्याला दिसेनासा होतो.

तो दिवस मला दिसत होता, कारण मी त्याच दिवसात बसले होते. त्या बावीस पानांवर एक गोष्ट पुतणीकडं नव्हती ती माझ्याकडं होती, कुठं अडतं ते ठाऊक असणं. मी ती दिली नाही. तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरण कर्म कशानं बांधलं जातं त्याची कारणं सांगितली आहेत. त्यांत एक आहे निह्नव, म्हणजे माहीत असलेलं लपवणं. लपवण्याचं पाप मोठ्या पंडिताला लागतं, आपल्याजवळ लपवण्यासारखं आहे काय, असं मी समजत होते. पण ‘मला कळलं नाही’ हेही एक ज्ञानच होतं, आणि मी ते लपवलं.

मग मी मन दुखवू नये म्हणून गप्प बसले त्याचं काय? आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सत्याणुव्रत सांगताना म्हटलं आहे की दुसऱ्यावर संकट आणणारं सत्यही गृहस्थानं बोलू नये. या वाक्याचा आडोसा आपण फार घेतो. पण त्याचा रोख संकटाकडं आहे. माझ्या बोलण्यानं त्या पोरावर कोणतं संकट येणार होतं? फार तर अर्धा तास हिरमुसला असता. संकट माझ्या गप्प बसण्यातून आलं, आणि तेही एका अशा मुलीवर जिला मी कधी पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्याचं मन जपत नव्हते. मी माझी गणिताच्या बाईची अब्रू जपत होते. अहिंसेचं नाव पुढं केलं, आत होता मान कषाय.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, दुसऱ्याचा दोष झाकणं. त्याच्या लगेच पुढचं अंग स्थितीकरण, डळमळणाऱ्याला स्थिर करणं. ही दोन शेजारी शेजारी का ठेवली असतील? मला वाटतं, दोष झाकायचा तो बाजारापासून. ज्याचा दोष आहे त्याच्यापासूनच झाकला तर तो स्थिर कसा होणार? चारचौघांत पोराचं कौतुक करायचं आणि घरात त्याला जवळ बसवून तिसरं पान दाखवायचं, असं दोन्ही जमलं असतं.

आता कुणी म्हणेल, नवशिक्याचं काय ऐकायचं? त्याला तर सगळंच अवघड वाटतं. कधी कधी त्यानंच नीट वाचलेलं नसतं. हे खरं आहे. म्हणून नवशिक्यानं ‘हे चुकलंय’ असा निकाल देऊ नये. तो त्याचा अधिकार नाही. पण ‘इथं मला अडलं’ हे तो सांगू शकतो, आणि हे वाक्य खोटं ठरवणं कुणाच्याच हातात नाही. त्यात स्याद्वादाचा ‘स्यात्’ आपोआप आला. माझ्या जागेवरून, माझ्या समजुतीप्रमाणं, इथं. दोष धड्याचा की माझा, ते लिहिणाऱ्यानं ठरवावं. बेसिकचं यंत्र ‘गोटू’ म्हणून चुकीच्या जागेवर नेऊन सोडतं, एवढंच काम वाचणाऱ्यानं करायचं. ‘छान’ म्हणणारीनं जागा दाखवली नाही. लाल शाईनं जागा पुष्कळ दाखवल्या, पण ज्याला ठेच लागते त्याची जागा शाई धरणाऱ्या हाताला दिसत नव्हती. दोघी मिळून वाचलं असतं तर?

हे कॅल्क्युलेटरपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. आपल्या स्वाध्यायात काय चालतं ते बघा. चातुर्मासात आपण तीस-चाळीस बायका बसतो. गुणस्थानं चालू असतात, कर्मप्रकृती चालू असतात. आपण माना डोलवतो. पंडितजी विचारतात, “काही शंका?” सगळ्या गप्प. बाहेर चपला घालताना म्हणतो, “छान झालं.” घरी कुणी विचारलं, काय सांगितलं, तर सांगता येत नाही. आणि स्वाध्याय हे तर अंतरंग तप. त्याचे पाच प्रकार सांगितलेत, त्यांत वाचनेनंतर लगेच दुसरा येतो पृच्छना. विचारणं. ते तपातच मोजलं आहे. निःशंकित असावं म्हणून विचारू नये, असंही काही जणींना वाटतं. पण श्रद्धा डळमळणं वेगळं आणि न कळलेलं विचारणं वेगळं. आपली किती पुराणं श्रेणिक राजानं गौतम गणधरांना विचारलेल्या प्रश्नांनी सुरू होतात! आणि आपल्या दिगंबर परंपरेत मानतात की केवलज्ञान झाल्यावरही ६६ दिवस भगवान महावीरांची दिव्यध्वनी खिरली नाही. इंद्रभूती गौतम मनात शंका घेऊन आले तेव्हा ती खिरली. तोच वीरशासन जयंतीचा दिवस. तो पोरगा इथं असतानाच तो दिवस आम्ही बस्तीत साजरा केला होता, आणि घरी येऊन मी तिसऱ्या पानाबद्दल गप्प बसले होते.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी त्याला तो धडा परत पाठवायला सांगितला. या वेळी बावीसही पानं वाचली, पाच दिवस लागले. वहीत पान नंबर घालून लिहिलं, ‘इथं मी थांबले. इथं दोनदा वाचावं लागलं. इथं शब्द कळला नाही.’ सतरा जागा निघाल्या. सोळाच्या मोजणीपाशी मात्र मला एक गंमत सापडली. माझी आई आण्यांत हिशेब करायची. १९५७ साली नवे पैसे आले तरी तिचा रुपया सोळा आण्यांचाच राहिला. मग ३ई म्हणजे काय, तर तीन रुपये चौदा आणे. एकूण आणे ६२. आणि त्या सोळाच्या मोजणीतला १० म्हणजे एक रुपया, वर शून्य आणे. मी तीस वर्षं गणित शिकवलं ते इथं कामाला आलं, पण आधी ‘मला कळलं नाही’ म्हणाल्यावर.

त्यानं पहिल्या पानावर पहिलीच ओळ घातली, ‘आधी आपलं सामान जपून ठेवा’, आणि बॅटरीजवळ ती ओळ परत एकदा. आण्यांचा परिच्छेदही ठेवला. अमेरिकेतल्या मुलांना आणे काय कळणार, असं मी म्हटलं तर म्हणाला, “कळेल. मला कळलं ना.”

त्या मुलीच्या तापमानाच्या नोंदी काही परत आल्या नाहीत. तिनं नव्यानं सुरुवात केली असं त्यानं सांगितलं. तिची क्षमा मागायला माझ्याकडं वाट नाही. दर वर्षी क्षमावाणीला आपण ओळखीच्या माणसांची क्षमा मागतो. या वर्षी न पाहिलेल्या एका मुलीचंही नाव मी मनात घेईन.

आणि मागच्या रविवारी स्वाध्यायात पंडितजींनी “काही शंका?” म्हटलं तेव्हा मी हात वर केला. पुस्तक उघडून म्हणाले, “पंडितजी, या ओळीपर्यंत कळलं. इथं मला अडलं.” ते थांबले, त्यांनीही ती ओळ पुन्हा वाचली, आणि म्हणाले, “थांबा बाई, हे मी नीट सांगितलंच नाही.” मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “अक्का, मला पण तिथंच अडलं होतं. गेल्या वर्षापासून.”